एका फोटॉनमागे दोन वाहक: सिंग्लेट फिशन कसं घडतं

हिरव्या प्रकाशाचा एक फोटॉन सिलिकॉनच्या सौरघटावर पडला, तर त्याच्याजवळ साधारण २.४ इलेक्ट्रॉनव्होल्ट इतकी ऊर्जा असते. सिलिकॉनमधला इलेक्ट्रॉन अणूंच्या बंधनातून सुटून वीज वाहायला मोकळा होण्यासाठी लागतात जेमतेम १.१ इलेक्ट्रॉनव्होल्ट. उरलेल्या १.३चं काय होतं? इलेक्ट्रॉन ती जादा ऊर्जा घेऊन वर जातो खरा, पण पिकोसेकंदाच्या (सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाच्या) आतच स्फटिकातल्या अणूंना ती देऊन खाली उतरतो. ती सगळी ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. पेल्यात मावेल त्याच्या दुप्पट पाणी ओतलं तरी भरतो एकच पेला, बाकीचं सांडतं. सिलिकॉनवर येणाऱ्या सौरऊर्जेपैकी जवळपास एक तृतीयांश ऊर्जा अशी सांडून जाते.

विल्यम शॉकली आणि हान्स-योआखिम क्वायसर यांनी १९६१ साली या आणि इतर अटळ तोट्यांचा हिशेब मांडला. एकाच अर्धवाहकाचा घट कितीही निर्दोष बनवला, तरी साध्या सूर्यप्रकाशात त्याची कार्यक्षमता ३३ टक्क्यांच्या आसपास थांबते. सिलिकॉनचे स्वतःचे काही अंगभूत तोटे धरले तर ही मर्यादा २९.४ टक्क्यांवर येते. प्रयोगशाळेतले उत्तम सिलिकॉन घट २७ टक्क्यांच्या पुढे पोचले आहेत, म्हणजे या वाटेवर आता फारसं अंतर उरलेलं नाही.

मात्र त्या हिशेबात एक गृहीतक दडलेलं आहे: एक फोटॉन जास्तीत जास्त एकच इलेक्ट्रॉन मोकळा करतो. कार्बन आणि हायड्रोजनचे काही साधेसे रेणू हेच गृहीतक मोडतात. त्यांच्यावर एक फोटॉन पडला की ऊर्जेचे एकाऐवजी दोन वाहक तयार होतात, आणि तेही फार कमी नुकसान सोसून. या प्रक्रियेला सिंग्लेट फिशन म्हणतात. फिशन म्हणजे विखंडन असलं तरी इथे अणूचं केंद्रक फुटत नाही आणि रेणूही तुटत नाही. दुभागते ती रेणूने शोषलेली ऊर्जा.

दोन इलेक्ट्रॉनांचं आपसातलं नातं

रेणूतले इलेक्ट्रॉन जोडीजोडीने राहतात. प्रत्येक इलेक्ट्रॉनला स्पिन नावाचा एक गुणधर्म असतो आणि एका कक्षकात, म्हणजे रेणूतल्या इलेक्ट्रॉनांच्या एका ठरावीक जागेत, राहणाऱ्या दोघांचे स्पिन परस्परविरुद्ध असावे लागतात. दोन्ही मिळून एकूण स्पिन शून्य भरतो. प्रकाश पडला की सर्वांत वरच्या भरलेल्या कक्षकातला एक इलेक्ट्रॉन त्याच्या वरच्या रिकाम्या कक्षकात जातो आणि खाली त्याची जागा मोकळी राहते. वर गेलेला इलेक्ट्रॉन आणि खालची मोकळी जागा एकमेकांना धरून असतात. या जोडगोळीला एक्सायटॉन म्हणतात. हाच इथला ऊर्जेचा वाहक. घन पदार्थात तो एका रेणूवरून शेजारच्या रेणूवर सरकत जातो.

प्रकाश इलेक्ट्रॉनला वर नेतो, पण त्याचा स्पिन सहसा उलटवत नाही. त्यामुळे नव्याने जन्मलेल्या एक्सायटॉनचा एकूण स्पिनही शून्यच असतो. ही झाली सिंग्लेट अवस्था. दोन्ही इलेक्ट्रॉनांचे स्पिन एकाच दिशेचे असते, तर एकूण स्पिन एक भरला असता. ती ट्रिप्लेट अवस्था. तिच्यात स्पिनची मांडणी तीन प्रकारे होऊ शकते, म्हणून ट्रिप्लेट.

ट्रिप्लेटची ऊर्जा सिंग्लेटपेक्षा कमी असते. ढोबळमानाने सांगायचं तर, सारख्या स्पिनचे इलेक्ट्रॉन क्वांटम नियमांमुळे एकमेकांच्या जवळ येण्याचं टाळतात. त्यामुळे त्यांच्यातलं विद्युत प्रतिकर्षण कमी पडतं आणि तेवढी ऊर्जा वाचते. दोन्ही कक्षकं रेणूच्या जितक्या त्याच त्या भागात पसरलेली असतात, तितका हा फरक मोठा. बहुतेक सेंद्रिय रेणूंमध्ये ट्रिप्लेट थोडीशीच खाली असते. मोजक्या रेणूंमध्ये मात्र ती सिंग्लेटच्या निम्म्यापर्यंत किंवा त्याहूनही खाली उतरते. असं झालं, की एका सिंग्लेटच्या ऊर्जेत दोन ट्रिप्लेट बसतात.

बेंझिनची वलयं एका ओळीत जोडून बनलेल्या रेणूंच्या कुटुंबात हा हिशेब स्वच्छ दिसतो. तीन वलयांचं अँथ्रासीन घ्या: सिंग्लेट सुमारे ३.१ इलेक्ट्रॉनव्होल्ट, ट्रिप्लेट १.८. दोन ट्रिप्लेटना ३.६ लागतील, म्हणजे अर्धा इलेक्ट्रॉनव्होल्ट कमी पडतो. चार वलयांच्या टेट्रासीनच्या स्फटिकात सिंग्लेट साधारण २.३५ आणि ट्रिप्लेट १.२५. दुप्पट केली की २.५, म्हणजे तूट फक्त ०.१५ची. पाच वलयांच्या पेंटासीनमध्ये सिंग्लेट १.८३ आणि ट्रिप्लेट ०.८६. दुप्पट होते १.७२, आणि ०.१ शिल्लकही राहतो. एकेक वलय वाढत गेलं तशा दोन्ही ऊर्जा उतरल्या, पण ट्रिप्लेट प्रमाणाने जास्त वेगात उतरली. अँथ्रासीनमध्ये न परवडणारा व्यवहार पेंटासीनमध्ये उतारावरून घरंगळावा इतक्या सहज होतो.

शेजारी हवाच

एकट्यादुकट्या रेणूत हे घडत नाही. दोन ट्रिप्लेट ठेवायला दोन जागा लागतात, म्हणजे सहसा शेजारीशेजारी बसलेले दोन रेणू. एक उत्तेजित, दुसरा शांत. पहिल्याला आपण क म्हणू आणि दुसऱ्याला ख. क-च्या वरच्या कक्षकातला इलेक्ट्रॉन ख-च्या रिकाम्या वरच्या कक्षकात जातो. मग ख-च्या खालच्या भरलेल्या कक्षकातला एक इलेक्ट्रॉन क-च्या वरच्या, आता रिकाम्या झालेल्या कक्षकात येतो. शेवटी काय दिसतं? दोन्ही रेणूंमध्ये खाली एक इलेक्ट्रॉन, वर एक इलेक्ट्रॉन. दोघेही उत्तेजित. दोन इलेक्ट्रॉनांची ही अदलाबदल अशी दोन पायऱ्यांत होते की एका दमात, आणि रेणूंची कंपनं तिला किती हातभार लावतात, यावर संशोधकांमध्ये बरीच चर्चा झाली आहे. पदार्थागणिक उत्तर थोडं बदलतं. मधल्या पायरीवर क धन आणि ख ऋण होतो. ती अवस्था क्वचितच प्रत्यक्ष टिकते, पण ती ऊर्जेने जवळ असली की तिच्या आधाराने अदलाबदल सोपी होते.

त्यामुळे रेणू स्फटिकात कसे रचलेले आहेत याला फार महत्त्व येतं. एकावर एक तंतोतंत बसलेले, किंचित सरकलेले, तिरके, पाठमोरे, प्रत्येक मांडणीत कक्षकांची गुंफण वेगळी आणि वेगही वेगळा. तोच रेणू वेगळ्या रचनेत वेगळा वागतो.

आता खरी मेख. एका सिंग्लेटची ट्रिप्लेट व्हायची, तर स्पिन उलटावा लागतो. कार्बन-हायड्रोजनसारख्या हलक्या अणूंच्या रेणूंत हे अतिशय सावकाश घडतं, त्याला नॅनोसेकंद किंवा त्याहूनही जास्त वेळ लागतो. मग पेंटासीनमध्ये दोन ट्रिप्लेट सुमारे ८० फेमटोसेकंदांत (एक फेमटोसेकंद म्हणजे पिकोसेकंदाचा हजारावा भाग) कशा तयार होतात? तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा २४ मायक्रोमीटरच पुढे जातो.

याचं उत्तर असं, की इथे कोणाचाच स्पिन उलटत नाही. एक स्पिनच्या दोन ट्रिप्लेट एकत्र धरल्या, तर त्यांच्या तीन गुणिले तीन अशा नऊ जोड्या होतात. त्यांतल्या एकीचा एकूण स्पिन शून्य, तिघींचा एक आणि पाच जणींचा दोन. सुरुवातीच्या सिंग्लेटचा स्पिन शून्य होता आणि फिशनमधून जन्मणारी जोडीही नेमकी ती शून्यवालीच असते. दोन्ही बाजूंना शून्य, म्हणजे स्पिनच्या नियमाचा भंगच होत नाही. प्रक्रियेला थांबून राहण्याचं कारण उरत नाही.

मला या सगळ्या विषयात हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. जोडी जन्मते तेव्हा दोन ट्रिप्लेट स्वतंत्र नसतात. त्या वेगवेगळ्या रेणूंवर बसलेल्या असतात, तरी त्यांचे स्पिन मिळून एकच क्वांटम अवस्था बनलेली असते. पुढे दोघी दूर सरकतात, हळूहळू हे नातं सुटतं आणि मग दोन मोकळे वाहक हाती येतात. वाटेत ही जोडी एकूण स्पिन दोन असलेल्या, क्विंटेट म्हटल्या जाणाऱ्या अवस्थेतूनही जाऊ शकते. इलेक्ट्रॉन स्पिन रेझोनन्सच्या तंत्राने तिचा स्पष्ट माग २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत लागला.

चुंबकाची साक्ष

ही कल्पना नवी नाही. १९६५ साली अँथ्रासीनच्या स्फटिकांवर लेसर टाकून केलेल्या प्रयोगांचा अर्थ लावताना ती पुढे आली. १९६८ साली तिने टेट्रासीनचं एक कोडं सोडवलं. टेट्रासीन विरल द्रावणात असताना त्याच्यावर प्रकाश टाकला की ते बऱ्यापैकी चमकतं. त्याच रेणूंचा स्फटिक केला की ती चमक जवळजवळ मावळते, आणि स्फटिक थंड केला की पुन्हा वाढू लागते. द्रावणात रेणू एकमेकांपासून लांब असतात, स्फटिकात खेटून. चमक देऊ शकणारे सिंग्लेट शेजाऱ्याशी वाटणी करून ट्रिप्लेट होत असले पाहिजेत, आणि ट्रिप्लेट तर स्पिनच्या नियमामुळे प्रकाश टाकू शकत नाही, असं हे स्पष्टीकरण होतं.

पटण्याजोगं असलं तरी एवढ्यावर सिद्ध होत नाही. पुरावा आला तो १९६९ साली, चुंबकाकडून. साधा प्रकाश शोषणाऱ्या आणि टाकणाऱ्या हायड्रोकार्बनच्या स्फटिकाला शेजारी चुंबक आहे की नाही याने फरक पडायचं काहीच कारण नाही. टेट्रासीनला पडतो. क्षीण चुंबकीय क्षेत्रात त्याची चमक आधी किंचित घटते. क्षेत्र वाढवत नेलं की ती उलटून मूळच्यापेक्षाही वर जाते.

आलेखातली ही वळणदार रेघ फिशनच्या गणितातून सरळ बाहेर पडते. नऊ जोड्यांपैकी किती जोड्यांमध्ये शून्य स्पिनचा अंश मिसळलेला आहे, यावर फिशनचा वेग ठरतो. क्षेत्र नसताना हा अंश एकाच जोडीपुरता न राहता तीन जोड्यांत असतो. क्षीण क्षेत्रात तो अधिक जोड्यांमध्ये वाटला जातो, फिशन वाढतं, चमक घटते. प्रबळ क्षेत्रात तो दोनच जोड्यांत उरतो, फिशन मंदावतं आणि चमक चढते. रिचर्ड मेरीफिल्ड यांनी मांडलेला हा सिद्धांत आजही वापरात आहे. कुठल्याही नव्या पदार्थात फिशन होतं असा दावा आला की चुंबकाखालची ही रेघ तपासली जाते.

टेट्रासीनमध्ये ऊर्जेची तूट असूनही फिशन होतं कसं, हा प्रश्न राहतोच. पेंटासीनच्या मानाने ते सावकाश होतं, पिकोसेकंदांत, पण होतं. तुटीचा काही भाग आजूबाजूच्या रेणूंच्या उष्णतेतून भरून निघतो. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे एन्ट्रॉपी. एक सिंग्लेट एका ठिकाणी असतो. दोन ट्रिप्लेट मात्र स्फटिकातल्या असंख्य जागांवर असंख्य प्रकारे विखरू शकतात. शक्यतांची ही प्रचंड संख्या तराजू फिशनच्या बाजूला झुकवते. व्यवहाराच्या दृष्टीने ही मोठी मेहेरबानी आहे, कारण पेंटासीनसारखी ऊर्जा वाया न घालवताही काम होतं.

दोनशे टक्के म्हणजे काय

फिशनबद्दल वाचताना "२०० टक्के कार्यक्षमता" असे शब्द दिसतात आणि अनेकांच्या भुवया उंचावतात. त्या उंचावायलाच हव्यात. इथे मोजणी होते ती वाहकांची, ऊर्जेची नव्हे. शंभर फोटॉन शोषले आणि दोनशे ट्रिप्लेट मिळाल्या, तर उत्पन्न दोनशे टक्के. पण प्रत्येक ट्रिप्लेटजवळ ऊर्जा निम्मीच असते. आडात नाही ते पोहऱ्यात येत नाही. या ऊर्जेपासून वीज बनवली तर विद्युतप्रवाह दुप्पट होऊ शकतो, पण विद्युतदाब निम्म्यावर येतो. नुसत्या फिशनच्या पदार्थाचाच घट बनवला तर पदरात फार काही पडत नाही.

२०१३ साली अमेरिकेतल्या एमआयटीमधल्या गटाने पेंटासीन आणि फुलरीन (कार्बनचे पिंजऱ्यासारखे रेणू) यांचा घट बनवला. ६७० नॅनोमीटरच्या लाल प्रकाशात त्याच्यावर पडणाऱ्या शंभर फोटॉनांमागे १०९ इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेत आले. शंभराचा उंबरठा ओलांडला गेला आणि दुप्पट झालेले वाहक खरोखर वीज म्हणून बाहेर काढता येतात हे दिसलं. पण त्या घटाची ऊर्जेच्या हिशेबातली कार्यक्षमता दोन टक्क्यांच्या आसपासच होती. दोन्ही आकडे एकाच वेळी खरे आहेत, आणि त्यांतला फरक लक्षात आला की विषय समजला.

मग उपयोग कुठे? जोडीदारात. लाल आणि अवरक्त प्रकाश सिलिकॉन उत्तम वापरतं, तो त्याच्याकडेच जाऊ द्यायचा. हिरवा आणि निळा, जिथे सांडासांड होते, तो वरच्या पातळ सेंद्रिय थराने शोषायचा, त्याचे दोन भाग करायचे आणि दोन्ही भाग खालच्या सिलिकॉनच्या स्वाधीन करायचे. सिलिकॉनचा विद्युतदाब कमी होत नाही, प्रवाह मात्र वाढतो. सगळं आदर्श चाललं तर अशा प्रकारे वाहक दुप्पट करणाऱ्या घटांची सैद्धांतिक मर्यादा ४० टक्क्यांच्या पलीकडे जाते.

इथे पेंटासीन बाद होतं. त्याची ट्रिप्लेट ०.८६ इलेक्ट्रॉनव्होल्टची आणि सिलिकॉनला हवेत १.१. सर्वांत चपळ रेणू सर्वांत मोठ्या बाजारपेठेच्या उपयोगाचा नाही. टेट्रासीनची १.२५ मात्र चपखल बसते. म्हणून इतक्या दशकांनंतरही सगळ्यांचं लक्ष टेट्रासीनवर येऊन थांबतं.

आणि घोडं अडतं ते हस्तांतरणात. सिंग्लेट आपली ऊर्जा काही नॅनोमीटर दूरच्या शेजाऱ्याला विद्युतक्षेत्राच्या आधारे, स्पर्श न करताही देऊ शकतो. ट्रिप्लेटला ती सोय नाही. तिला इलेक्ट्रॉनांची प्रत्यक्ष देवघेव करावी लागते, म्हणजे दोन्ही बाजूंच्या इलेक्ट्रॉनांचे ढग एकमेकांत शिरले पाहिजेत. अंतर नॅनोमीटरभर झालं तरी वेग झपाट्याने कोसळतो. पण सिलिकॉनचा पृष्ठभाग उघडा ठेवता येत नाही. तिथे अणूंचे अर्धवट तुटलेले बंध असतात, ते आलेल्या वाहकांना गिळतात, आणि हवेत त्याच्यावर लगेच ऑक्साइडही चढतं. पृष्ठभाग झाकायला नेहमी वापरतात ते थर ट्रिप्लेटच्या दृष्टीने भिंतीसारखे जाड असतात. पातळ थर दिला तर झाकण अपुरं, जाड दिला तर ट्रिप्लेट अडकते.

२०१९ साली एमआयटीमध्येच या पेचातून एक वाट निघाली. टेट्रासीन आणि सिलिकॉन यांच्यामध्ये हॅफ्नियम ऑक्सिनायट्राइडचा अवघा ८ अँगस्ट्रॉम जाडीचा थर देण्यात आला. ८ अँगस्ट्रॉम म्हणजे ०.८ नॅनोमीटर, मोजक्या अणूंची जाडी. फिशन आणि हस्तांतरण मिळून उत्पन्न १३३ टक्के निघालं. टेट्रासीनने शोषलेल्या शंभर फोटॉनांमागे सिलिकॉनमध्ये १३३ वाहक पोचले. घट म्हणून त्याची एकूण कामगिरी सामान्य होती, पण तोवर अनेक वर्षं जे दाखवता येत नव्हतं ते दिसलं: ट्रिप्लेट सिलिकॉनमध्ये शिरते.

दुसरी एक वाटही जोमाने चालू आहे. ट्रिप्लेट थेट सिलिकॉनला न देता शिशाच्या सल्फाइड किंवा सेलेनाइडच्या क्वांटम डॉटना, म्हणजे काही नॅनोमीटर आकाराच्या अर्धवाहक कणांना द्यायच्या. हे २०१४ साली दोन गटांनी वेगवेगळं करून दाखवलं. क्वांटम डॉटमध्ये स्पिनचा कडक नियम सैल पडतो, त्यामुळे तो ती ऊर्जा अवरक्त फोटॉन म्हणून बाहेर टाकतो. एक हिरवा फोटॉन आत, दोन अवरक्त बाहेर. असा थर घटावर नुसता अंथरला तरी चालेल, सिलिकॉनच्या पृष्ठभागाशी अणू-अणूंचं जुळवणं करावं लागणार नाही. मला ही वाट कारखान्याच्या जास्त जवळची वाटते, जरी प्रत्येक पायरीवर थोडी थोडी गळती वाढत असली तरी.

राहता राहिला टिकाऊपणा, आणि तो प्रश्न किरकोळ नाही. टेट्रासीन आणि पेंटासीन दोन्ही प्रकाश आणि ऑक्सिजन एकत्र मिळाले की खराब होतात. ऑक्सिजनचा रेणू मधल्या वलयावर पूल बांधून बसतो आणि कक्षकांची सलग पसरण तुटते. छपरावरच्या पॅनेलकडून पंचवीस वर्षांची अपेक्षा असते. म्हणून कडेला मोठे गट जोडलेले टेट्रासीनचे भाऊबंद, तसंच अगदी वेगळ्या सांगाड्याचे रेणू शोधले जात आहेत. उमेदवाराच्या अटी मात्र कडक आहेत. सिंग्लेट निदान ट्रिप्लेटच्या दुपटीएवढी किंवा जराशीच कमी हवी. ट्रिप्लेट सिलिकॉनच्या १.१च्या थोडी वर हवी. दोन ट्रिप्लेट एकत्र येऊन वरच्या दुसऱ्या ट्रिप्लेट अवस्थेत विरून जाता कामा नयेत, म्हणजे ती अवस्था पुरेशी उंच हवी. आणि हे सगळं जमलं तरी रेणूंनी स्फटिकात हव्या तशा ओळी धराव्या लागतात, ज्याचं भाकीत कागदावर करणं फार अवघड आहे.

हीच क्रिया उलटी चालवता येते हेही इथेच सांगायला हवं. दोन ट्रिप्लेट भेटून एक सिंग्लेट बनवतात आणि त्यातून जास्त ऊर्जेचा फोटॉन निघतो. निळ्या ओएलईडी पडद्यांमध्ये वाया जाऊ पाहणाऱ्या ट्रिप्लेट अशाच वसूल केल्या जातात. कमी ऊर्जेचा प्रकाश जास्त ऊर्जेच्या प्रकाशात बदलण्याच्या प्रयोगांतही तेच तत्त्व आहे. सिंग्लेटची ऊर्जा दोन ट्रिप्लेटपेक्षा किती वर किंवा खाली बसते, एवढ्या इलेक्ट्रॉनव्होल्टच्या दशांशांवर कुठल्या रेणूत कोणती दिशा वरचढ ठरणार हे मुख्यतः अवलंबून असतं.